टबाखालचे गजभिये

गजभियेंना एकच डोळा होता, उजवा. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दल काहीही सांगायला गेलं तरी गोष्ट शेवटी त्या डोळ्यापाशीच येते. डावा गेला तो नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. बिडाच्या पाइपाचा सांधा ठोकताना कपची उडाली आणि नेमकी डोळ्यात बसली. ते स्वतः हे अगदी मजेत सांगायचे. "एक डोळा सरकारले देऊन टाकला बाई. हा राहिला तो माझा खाजगी आहे. सरकारी कामाले तो मी नुसता भाड्यानं देतो." असं म्हणून हसायचे, आणि हसता हसता उजव्या डोळ्यावरून पालथी मूठ अलगद फिरवायचे. आहे ना जागेवर, हे बघायला.

हे नव्वदीच्या सुरुवातीचं. आमची बदली लखनौ छावणीत झाली होती. आमचे हे मेजर. मी सांगलीची, पंचविशीतली, तोंडाची फटकळ, आणि हिंदी म्हणाल तर सगळं सिनेमातलं. बंगला मिळाला तो इंग्रजांच्या वेळचा. उंच जोतं, त्याहून उंच छतं, आणि बाथरूममध्ये एक अजस्र टब. बिडाचा, चार पंजांवर उभा, आतला पांढरा मुलामा जागोजागी उडालेला. मला बाई पहिल्या दिवसापासून त्याची किळस. आपल्याच मळात भिजत पडायचं, ही कसली मेली आंघोळ! मी शेजारी पाट टाकून बादलीनं आंघोळ करायची आणि टबात पाणी साठवायची, कारण नळाला पाणी सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. पण साठवलेलं पाणी सोडायला बूच काढलं, की दोन-दोन दिवस ते जागचं हलायचं नाही. वास, डास, झुरळं, सगळं आलं. मी म्हटलं, उचला ते धूड. तर ऑफिसातून उत्तर आलं, टब बंगल्याच्या सामानाच्या यादीत आहे, काढता येणार नाही. फार तर खालची निचऱ्याची पाइप बदलून मिळेल. त्यासाठी गजभिये आले.

सायकल कडुनिंबाला टेकवली, पिशवी काढली, दारात उभे राहून म्हणाले, "नमस्ते मेमसाब. पानी कहाँ रुकता है?"

मी म्हटलं, "अहो भैया, वो भोक में से पाणी जाताच नहीं!"

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगली का सातारा?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तीन महिने झाले होते, ह्यांच्याखेरीज कोणाच्या तोंडून मराठी ऐकली नव्हती, आणि हे घरी असायचे कितीसे? गजभिये उमरेडचे, नागपूरच्या पुढचे. वीस वर्षं लखनौत काढलेली, पण मराठी अजून तशीच उमरेडची. त्या दिवसापासून मेमसाबची मी 'बाई' झाले.

पाइप मंजूर होऊन यायला वर्ष लागलं. पण जुन्या बंगल्यात नळ, टाक्या, गिझर काही ना काही रोज मोडायचंच, आणि गजभिये यायचे. त्यांची काम करायची रीत ठरलेली. आधी जमिनीवर जुन्या पेपराचं पान पसरायचं आणि त्यावर पाने, करवत, ताग, सफेद्याचा डबा ओळीनं मांडायचा. पण पान पसरण्याआधी दोन्ही बाजूंनी बघून घ्यायचे. कोणाचा फोटो असला तर ते पान बाजूला. एकदा मी म्हटलं, "अहो, कोणीतरी पुढारी असेल, ठेवा की पाना त्याच्या तोंडावर." तर म्हणाले, "पुढारी असो का चोर, माणसाच्या तोंडावर लोखंड नाही ठेवत मी." मग पाइपावर तळवा ठेवून डोळा मिटायचे आणि बराच वेळ तसेच बसायचे. मला वाटायचं, झोपले की काय! तर एकदम म्हणायचे, "इथं नाही. पुढच्या सांध्यात आहे." आणि तिथंच असायचं.

मी घाईची. झालं का, झालं का, म्हणून चारदा डोकवायची. ते म्हणायचे, "बाई, पाण्याले घाई लावता येत नाही. माणसाले लावता येते, म्हणून माणसं चुकतात."

ठोकाठोकीचं काम निघालं की आधी गॉगल. कोण्या साहेबाच्या मोटरसायकलचा टाकून दिलेला, रबर तुटलं म्हणून पायजम्याची नाडी बांधलेली. ओरखडे इतके की त्यातून त्यांना दिसायचं तरी काय, देव जाणे. पण तो लावल्याशिवाय हातोडीला हात नाही.

हिंदीची शिकवणी मला त्यांनीच दिली, आणि तीही चेष्टेतून. चेष्टेतून म्हणजे आपल्या! कारण ते लखनौत नवे होते तेव्हा त्यांचा सुपरवायझर एका तुंबलेल्या पाइपापाशी त्यांना म्हणाला, "गजभिये, चेष्टा करो, चेष्टा." गजभियेंनी इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "किसकी करूँ साब?" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे त्यांना काय ठाऊक! दुसरी गोष्ट त्यांच्या बायकोची. शाळेतल्या बाईंनी तिला सांगितलं, बेटी को अच्छी शिक्षा दीजिए. ती माउली घरी येऊन पोरीला जवळ घेऊन रडत बसली, की हिनं असं केलं तरी काय? "हे जुळे शब्द आहेत बाई," गजभिये म्हणायचे. "तोंडावळा एक, स्वभाव दोन. इकडं तोंड उघडताना आधी पाहायचं, कोणता पोरगा दारात उभा आहे." मी पोट धरून हसले होते. मग आम्ही असे शब्द गोळाच करायला लागलो. नवा सापडला की ते सायकलवरून उतरायच्या आधी सांगायचे. पंधरा-वीस तरी जमले असतील. सगळे मोठे मोठे, पुस्तकातले.

एका रविवारी त्यांनी मला जानकीपुरमला बोलावलं. तिकडे त्यांच्या नात्यातल्या कोणी नवं घर बांधलं होतं आणि सरकारी नोकरीतली पंधरा-वीस मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा तिथं जमायची. हे म्हणाले, तू कशाला इतक्या लांब, पण मी गेले. सतरंजीवर पोरं बसलेली, आणि समोर गजभिये, पांढरा सदरा घालून, पुस्तक डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरून मोठ्यानं मराठी वाचत होते. काय वाचलं बाई त्या माणसानं! आवाज चढवायचे, थांबायचे, पानावरचं बोट तसंच ठेवून पोरांकडे बघायचे. पोरं मध्येच विचारायची, "ताऊजी, इसका मतलब?" आणि ते मराठीतच समजावायचे, पोरं हिंदीतच मान डोलवायची. त्यांची बायको शेवंताबाई माझ्या शेजारी होती. तिला अक्षर येत नव्हतं. ती म्हणाली, "माया घरी रोज वाचतेत ते. मी पोळ्या लाटतो, ते वाचतेत. मले आतापर्यंत अकरा पुस्तकं आली." वाचलेली नाही, आली, असं म्हणाली ती.

परत येताना मी गजभियेंना म्हटलं, तुम्ही मास्तर व्हायचे. तर म्हणाले, "वाचण्यापुरता हा एक पुरे आहे बाई. पेन्शनीले पाच वर्षं राहिली. तेवढी निघाली की ह्याले पाइपाच्या तोंडाशी नाही नेणार. नुसतं वाचणार." आणि मूठ डोळ्यावरून फिरवली.

शेवटी टबाची नवी पाइप आली. प्लास्टिकची पांढरी पाइप, नवी पितळी जाळी, सगळं चकचकीत. जुनी होती ती शिशाची, टबाच्या भोकातून सरळ फरशीखाली उतरलेली. जोत्याच्या मागच्या भिंतीत एक बोळकांडं होतं, माणूस पालथा सरपटत जाईल एवढं. तिथून आत गेलं की टबाच्या बरोबर खाली पोचायचं. गजभिये म्हणाले, तीन दिवस लागतील. पहिल्या दिवशी टब उपसून वरून तेजाब, म्हणजे ॲसिड, ओतायचं, म्हणजे आतली घाण विरघळेल. भरपूर पाणी सोडून ते धुऊन काढायचं. मग खालून सांधा सोडवायचा.

मी म्हटलं, तीन दिवस? शनिवारी ह्यांच्या युनिटमधली दहा माणसं जेवायला येणार होती, बायका येणार होत्या, आणि बाथरूममध्ये ते हिरवं पाणी! मी सरळ सांगितलं, "गजभिये, शुक्रवारी संध्याकाळी मला टब कोरडा पाहिजे म्हणजे पाहिजे." ते काहीतरी बोलणार होते. बोलले नाहीत. मेजरच्या बायकोला काय बोलणार?

शुक्रवारी ते आले, बरोबर रामदुलारे. हा रोजंदारीवरचा मदतनीस, चाळिशीचा, भरघोस मिशांचा, बोलायला अतिशय अदबशीर. तो टब उपसायला लागला. मी मागच्या अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात करंज्या तळत होते. दार उघडं, समोर ते बोळकांडं. गजभिये पाच-दहा मिनिटं दारात उभे राहून माझ्याशी बोलले. करंजीला तिकडे 'गुजिया' म्हणतात, खव्याची करतात, आपल्या खोबऱ्याची सर नाही, असंच काहीतरी. मग म्हणाले, "तो उपसून राहिला तोवर मी खाली जाऊन सांधा पाहून घेतो. तेवढाच वेळ वाचेल. रामदुलारेले सांगून द्या बाई, मी खाली आहे म्हणून."

"सांगते, जा तुम्ही," मी म्हटलं.

गॉगल लावून ते आत सरपटले. त्यांच्या चपला बाहेर राहिल्या. माझा घाणा तेलात होता. हा काढते आणि सांगते, म्हटलं.

तेवढ्यात बाथरूममधून रामदुलारेची हाक आली. "मेमसाहब, ज़रा देखिए, खाली है क्या?"

मला वाटलं, गजभियेंचं विचारतो आहे. बरं झालं, विचारलंन, माझी खेप वाचली. मी झारा हातात धरून तिथूनच खणखणीत ओरडले, "हो, हो! खाली!"

त्यानं विचारलं होतं, टबाचं पाणी जाते ती माझ्यासमोरच्या अंगणातली नाली रिकामी आहे का. साचलेल्या पाण्यात तेजाब ओतलं तर उसळून अंगावर येतं, म्हणून बिचाऱ्यानं नीट विचारून घेतलं होतं. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. पंधरा-वीस जुळे शब्द आम्ही गोळा केले, हसलो, खिदळलो. हा एवढासा शब्द, रोजचा, दिवसातून शंभरदा तोंडात येणारा, तो आमच्या कोणाच्या ध्यानातच आला नव्हता. आणि मी तरी त्या क्षणी मराठीत का होते? कारण गजभिये दारात उभं राहून माझ्याशी मराठी बोलून गेले होते. एरवी मी 'हाँ जी, नीचे हैं' म्हटलं असतं. तेवढं हिंदी मला येत होतं हो!

तो आवाज मी सांगणार नाही. रामदुलारे वरून धावत आला, पाय धरून त्यानं त्यांना बाहेर ओढलं, आणि बादल्यांमागून बादल्या पाणी तोंडावर ओतत राहिला. त्याचे स्वतःचे हात भाजले. मी झारा धरून उभीच. तेलातला घाणा जळून काळा झाला, त्याचा धूर अंगणात आला, तेव्हा कुठे मी हलले.

उजवा डोळा वाचला नाही. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी सांगितलं, पण मला त्याच दिवशी कळलं होतं.

चौकशी झाली. रामदुलारेनं जे घडलं ते सांगितलं, की मी मेमसाहबना विचारलं, त्या खाली म्हणाल्या, मग मी ओतलं. माझा जबाब घ्यायच्या आदल्या रात्री जेवताना हे मला म्हणाले, "तू काही मुद्दाम केलं नाहीस. शब्दांच्या भानगडीत शिरू नकोस. आठवत नाही म्हण, संपलं." मी पानावर बसून ऐकलं. दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन एक साहेब आले, चहा झाला, आणि त्यांनी विचारलं, "मैडम, क्या आपने कहा था कि खाली है?"

मी म्हटलं, "जी, मुझे ठीक से याद नहीं है."

इतकं शुद्ध हिंदी वाक्य मी तोवर कधी बोलले नव्हते. एक चूक नाही त्यात. साहेबांनी ते लिहून घेतलं. रामदुलारेनं न विचारता तेजाब ओतलं, असं ठरलं, आणि त्याला कामावरून काढून टाकलं. पुढे तो छावणीच्या नाक्यावर मजुरांच्या घोळक्यात उभा दिसायचा. माझी रिक्षा गेली की हात जोडायचा. हात जोडायचा हो तो मला! त्याचा राग असता तर मला सोसलं असतं.

दोन महिन्यांनी कळलं, गजभियेंना नोकरीतून मोकळं केलं, क्वार्टर सोडून ते उमरेडला निघालेत. मी ह्यांना न सांगता गेले. दार शेवंताबाईनं उघडलं. या म्हणाली नाही, पण बाजूला झाली. सामान बांधलेलं. गजभिये खाटेवर बसले होते, पांढरा सदरा घालून. चेहऱ्याचा उजवा भाग ओढल्यासारखा झाला होता. तिकडे मला बघवेना, आणि बघायचं टाळलं तरी त्यांना ते कळणार नव्हतं, ह्याचीच जास्त लाज वाटली.

"कोण?"

"मी. सांगलीची."

"या बाई, बसा. शेवंता, चहा ठेव."

मी बसले आणि मला रडू फुटलं. म्हटलं, "गजभिये, मीच म्हटलं होतं हो. खाली म्हणून मीच ओरडले होते. चौकशीत खोटं बोलले."

त्यांनी माझ्या आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं.

"मले माहीत आहे जी," ते म्हणाले. "मी ऐकलं होतं."

"ऐकलं होतं?"

"तो वरून काय बोलला, ते नाही आलं ऐकू. तुमचा आवाज आला. दार समोरच होतं ना. हो, हो, खाली! मनात म्हटलं, झालं, बाईनं सांगितलं त्याले, मी खाली आहे. आता भेव नाही." त्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकल्यासारखं केलं. "सांधा माझ्या हातातच निखळून आला होता. वरून उजेड दिसते का ते पाहायचं होतं. त्या गॉगलातून काही दिसेना. तुमचं ऐकलं, म्हणून तो वर केला. आणि वर पाहिलं."

मला जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात ना, ते मी तेव्हा खरोखर मनापासून म्हटलं.

"तुमचं चुकलं नव्हतं बाई," ते पुढे म्हणाले. "मी मराठीत ऐकलं, त्यानं हिंदीत ऐकलं. दोघांनीही बरोबरच ऐकलं. पण त्याची भाकर गेली. मी साहेबाले दोनदा सांगितलं, तर म्हणते, गजभिये, तू भला माणूस आहेस, त्याले वाचवून राहिला. माझं नाही ऐकत. तुमचं ऐकतील. तुम्ही जाऊन एवढा शब्द सांगून द्या. दुसरं काही नाही मागत मी तुमाले."

"सांगते," मी म्हटलं. "उद्याच जाते."

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, आमची पुण्याला बदली होईपर्यंत नाही. ह्यांचं नाव, ह्यांचं प्रमोशन, फाइल बंद झालेली, कारणं मी पुष्कळ सांगितली स्वतःला. खरं एवढंच की मला भीती वाटली. रामदुलारे नाक्यावरच उभा राहिला.

पण त्या दिवशी मी दाराबाहेर पडून चपला घालत होते, तेव्हा आतून गजभियेंचा आवाज आला. कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता असा, मोकळा. खाटेवरून उठून ते भिंतीला हात लावत दाराकडे येत होते आणि बायकोला सांगत होते, "अवं शेवंता, चहा राहू दे. आधी रामदुलारेच्या घरी जाऊन ये. सांग त्याले, काम झालं. बाई बोलणार आहेत."